शुभेच्छेची संहिता : सोलापूरची संक्रांत

मराठी वाङ्मयेतिहासात आशीर्वचनाला जागा आहे, शुभेच्छेला नाही. पसायदानाला कर्ता आहे आणि ग्रंथही आहे. सणाच्या दिवशी उंबऱ्यात उच्चारल्या जाणाऱ्या वाक्याला यांपैकी काहीच नाही. त्यामुळे ते लोकसाहित्याच्या कप्प्यात पडते आणि तेथेही ओवी-उखाण्यांमागे उपेक्षित राहते. संस्कृत काव्यशास्त्राने निदान हा प्रश्न ओळखला होता. दंडीने 'आशी:' हा स्वतंत्र अलंकार मानला, भामहाने तो इतरांचे मत म्हणून नोंदविला. मम्मटापर्यंत येता येता तो यादीतून गळून गेला.

मराठी पंचांगाचे वर्ष पाडव्याला सुरू होते. पण त्या दिवसाचे म्हणून रूढ असे तोंडी सूत्र नाही. 'नववर्षाच्या शुभेच्छा' हा प्रयोग छापील भेटकार्डाच्या वळणाचा वाटतो. सूत्र आहे ते संक्रांतीला : 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. दसऱ्याच्या 'सोने घ्या, सोन्यासारखे राहा' या वाक्याची घडणही तीच. आधी वस्तू हातावर ठेवायची, मग तिचाच गुण ऐकणाऱ्याकडे मागायचा. स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री, हॉगमनेला, 'लँग मे यर लम रीक' असे म्हणतात : तुमच्या धुराड्यातून दीर्घकाळ धूर निघत राहो. मध्यरात्रीनंतर प्रथम उंबरा ओलांडणारा पाहुणा कोळशाचा तुकडा घेऊन येतो. तेथेही वाक्य वस्तूला बांधलेले आहे. पण स्कॉट वाक्य इच्छार्थी आहे, त्याचा भार दैवावर पडतो. मराठी वाक्य आज्ञार्थी आहे. पाणिनीने आशीर्वादासाठी लोट् म्हणजे आज्ञार्थही मान्य केला आहे. तथापि 'गोड बोला' हा निव्वळ आशीर्वाद नव्हे, तो तहाचा प्रस्ताव आहे. गेल्या वर्षी कडू बोलले गेले, हे त्यात गृहीत धरलेले असते. ऑस्टिनच्या परिभाषेत ही कृतिरूप उक्ती ठरते आणि तिची पूर्तता ऐकणाऱ्याच्या हाती असते.

हे सूत्र केवळ मराठीचे आहे काय? सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एका गल्लीत नांदतात. कन्नडमध्ये 'एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि' असे म्हणतात : तीळगूळ खाऊन चांगले बोला. वाक्याचा सांगाडा एकच आहे. कोणी कोणाकडून घेतले, हा वाद येथे निष्फळ आहे. शं. बा. जोशी किंवा रा. चिं. ढेरे यांनी मराठी-कन्नड अनुबंध दैवते आणि स्थळनामे यांतून शोधला. दारातल्या या एका वाक्यातही तो तितकाच ठळक आहे.

सोलापूरची खरी सार्वजनिक शुभेच्छा मात्र याहून वेगळी आहे. बाराव्या शतकातील शिवशरण सिद्धराम हे कन्नड वचनकार. त्यांचे चरित्र राघवांकाने कन्नडमध्ये रचले. त्यांच्या यात्रेत आधी ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो आणि मग तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता-सोहळा होतो. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतील भक्त, मानकऱ्यांच्या तोंडची संमती आणि 'सत्यम', 'दिड्डम' हे शब्द कानी पडताच हजारो हातांतून पडणाऱ्या अक्षता. त्या हातांपैकी अनेकांना संमतीची भाषा येत नाही. येथे अर्थबोध हा सहभागाचा निकष उरत नाही. अक्षता टाकणे हेच आकलन. 'वाचक' या संकल्पनेवर उभ्या असलेल्या समीक्षेला हा जमाव पेलण्याजोगा नाही, हे कबूल करणे बरे.

शुभेच्छा कोणाला, हा प्रश्न त्याहून अवघड. आख्यायिकेनुसार एका कुंभारकन्येने सिद्धरामांशी विवाहाची इच्छा धरली. योगी असल्याने त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास संमती दिली. अक्षता त्या विवाहाच्या आहेत. दुसऱ्या दिवशी होम होतो आणि बाजरीच्या पेंढीच्या रूपातील कुंभारकन्या अग्नीत जाते. मंगलवचन आणि सतीची कथा यांत एका रात्रीचे अंतर. यात्रेच्या वर्णनांत पहिल्याचा थाट सविस्तर येतो, दुसरीचा उल्लेख ओझरता. कथेत इच्छा प्रथम बोलून दाखविते ती कुंभारकन्या. कट्ट्यावर संमती उच्चारली जाते ती तिच्या आवाजात नव्हे.