खुब्याचा सांधा आणि पैदाशीची वही

1935 साली अमेरिकी पशुवैद्यक गेरी श्नेल यांनी कुत्र्यांच्या खुब्यातील ज्या विकृतीचे वर्णन केले, ती प्रारंभी दुर्मीळ मानली गेली. पुढील तीन दशकांत मात्र मोठ्या चणीच्या अनेक जातींच्या पैदाशीवर तिची छाया पडल्याचे उघड झाले. खुब्याचा सांधा उखळीचा, म्हणजे मांडीच्या हाडाचे गोल डोके कटीच्या हाडातील खोलगट वाटीत बसणारा असतो. ‘हिप डिस्प्लेशिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात हा सांधा सैल पडतो, डोके वाटीच्या काठाकडे सरकते, वाटी उथळ होत जाते आणि हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजून संधिवात जडतो. पिल्लू जन्मते तेव्हा सांधा सहसा निर्दोष दिसतो. ते वाढू लागले की बसल्या जागेवरून उठताना अडखळणे, जिना टाळणे आणि धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलणे ही लक्षणे दिसू लागतात. मात्र क्ष-किरण चित्रात सांधा बिघडलेला असूनही न लंगडणारी कुत्री पुष्कळ असतात, आणि पैदाशीच्या दृष्टीने खरा धोका त्यांचाच होता, कारण धडधाकट दिसणाऱ्या नराला जोडीसाठी नाकारण्याचे कोणालाच कारण नव्हते.

यावर संघटित उपाय स्वीडनमध्ये योजला गेला. तेथे 1950च्या दशकापासून जर्मन शेफर्ड कुत्र्यांच्या खुब्यांची क्ष-किरण चित्रे पद्धतशीरपणे अभ्यासली गेली आणि डोक्याचा मध्य व वाटीचा काठ यांवरून मोजला जाणारा ‘नोर्बर्ग कोन’ रूढ झाला, ज्यात साधारणतः 105 अंश वा त्याहून मोठा कोन चांगल्या सांध्याचा समजतात. अमेरिकेत बंदुकांच्या व्यवसायातील उद्योगपती आणि लॅब्राडोरचे शौकीन जॉन ऑलिन यांच्या पुढाकाराने 1966 साली ‘ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स’ स्थापन झाले. तेथे सांध्यांची सात प्रतींत वर्गवारी होऊ लागली आणि पुढे प्रमाणपत्रासाठी वयाची अट 24 महिन्यांची झाली. चित्र पाठवणे मालकाच्या मर्जीवर असल्याने उघडच वाईट चित्रे घरीच राहत, आणि त्यामुळे अशा नोंदवहीतील आकडे वस्तुस्थितीपेक्षा गोजिरे दिसत, हा या व्यवस्थेचा दोष दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिवाय विकारामागे एक नव्हे, तर अनेक जनुके असल्याने उत्तम सांध्याच्या जोडीपोटीही सदोष पिल्ले निपजत. म्हणून एकट्या कुत्र्याच्या चित्रापेक्षा त्याच्या भावंडांचे आणि संततीचे सांधे पाहणे अधिक उपयोगी ठरते. 1983 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेल स्मिथ यांनी सांध्याचा सैलपणा थेट मोजण्याची पद्धत विकसित करण्यास प्रारंभ केला, जिच्यामुळे सोळा आठवड्यांच्या पिल्लाविषयीही अंदाज बांधता येतो.

वंशावळीत गुंतलेल्या या संशोधनाचे लक्ष पिल्लाच्या ताटलीकडे त्या मानाने उशिरा वळले. 1987 साली सुरू झालेल्या प्रयोगात 48 लॅब्राडोर पिल्लांच्या, एकाच वेतातील भावंडांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी आहार देण्यात आला. मोजके खाणाऱ्या गटात खुब्याचा विकार कमी आढळला, संधिवात उशिरा जडला, आणि आयुर्मानाचा मध्यांक दुसऱ्या गटातील 11.2 वर्षांच्या तुलनेत 13 वर्षांचा निघाला.