परका शब्द आणि गावची जीभ

भाषेत परका शब्द आला की त्याचा उच्चार कोणाच्या तोंडाने ठरायचा, हा प्रश्न वरवर व्याकरणाचा वाटतो. प्रत्यक्षात तो प्रतिष्ठेचा असतो. तुर्कस्तानात गेलेल्या फ्रेंच शब्दांची हकीकत या दृष्टीने आपण वाचण्यासारखी आहे.

उस्मानी दरबाराने 1821 मध्ये भाषांतर कचेरी उघडली. तोवर युरोपीय भाषांचे काम ग्रीक दुभाष्यांकडे होते. ग्रीक बंडानंतर त्यांच्यावरचा विश्वास उडाला. मुसलमान तरुण फ्रेंच शिकू लागले. 1839 नंतरच्या तंझिमात सुधारणांच्या काळात फ्रेंच ही बढतीची भाषा झाली आणि 1868 मध्ये इस्तंबूलच्या गलातासराय विद्यालयात शिक्षणच फ्रेंचमधून सुरू झाले.

या हौसेची टर रेजाइजादे महमूद एक्रेम यांनी 'अराबा सेवदासी' या कादंबरीत उडवली. 1896 मध्ये ती नियतकालिकातून क्रमशः आली. तिचा नायक बिहरूझ बे बोलताना पदोपदी फ्रेंच शब्द पेरतो. प्रेमपत्रासाठी मात्र तो जुन्या कवितेतला एक फारसी शब्द उचलतो. त्या शब्दाचा अर्थ सावळी, आणि त्याची प्रेयसी गोरी, सोनेरी केसांची! परकी भाषा अर्धी, स्वतःची त्याहून अर्धी, अशी त्याची गत.

सामान्य माणसाने मात्र हेच शब्द बिनदिक्कत आपलेसे केले. 'स'ने सुरू होणारे जोडाक्षर तुर्की जिभेला जड, म्हणून 'स्तासियों'चे 'इस्तास्योन' झाले. आपल्या दखनीत 'इस्टेशन' आणि 'इस्कूल' झाले ते याच वाटेने. हॉटेलातला 'ह' फ्रेंच माणूस उच्चारत नाही, म्हणून तुर्कीत 'ओतेल'. नाकातला स्वर तुर्कीत नाही, म्हणून 'बाल्कोन'च्या शेवटी स्वच्छ 'न'. आगगाडी लिहिताना 'त्रेन', बोलताना 'तिरेन'.

अनातोलियाच्या खेड्यांत आणखी एक गंमत आढळते. शब्दारंभीचा 'र' तिथल्या बोलीला नकोसा वाटतो, म्हणून त्याच्यापुढे एक स्वर लागतो. रेडिओसाठी फ्रेंचमधून आलेला 'राद्यो' तिथे 'इराद्यो' होतो आणि रमजानचाही 'इरामाझान' होतो. शब्द पॅरिसचा की मक्केचा, हे ती जीभ विचारत नाही. दोघांनाही ती एकच न्याय लावते.

सरकारचा न्याय मात्र वेगळा होता. 1 नोव्हेंबर 1928 रोजी अरबी लिपी जाऊन लॅटिन आली. जुन्या लिपीत ओ, उ आणि तुर्कीचे आणखी दोन स्वर एकाच 'वाव'वर भागवावे लागत. नव्या लिपीत प्रत्येकाला अक्षर मिळाले. 'शोफर' ऐकू येतो तसा लिहिता येऊ लागला. ही सोय खरीच होती. 1932 मध्ये भाषासंस्था स्थापन झाली आणि अरबी-फारसी शब्दांची छाटणी सुरू झाली. 'मक्तेप' जाऊन शाळेला 'ओकुल' आला. तो फ्रेंच 'एकोल'च्या वळणाचा. 'उमूमी'च्या जागी 'गेनेल' आला. त्यातही 'जनराल'चा ध्वनी आहे. शुद्धीच्या चाळणीतून फ्रेंच छटा सुटली, शतकानुशतके नांदलेले शब्द अडकले. अतातुर्कांचे 1927 चे प्रदीर्घ भाषणच पुढच्या पिढ्यांसाठी नव्या तुर्कीत उतरवावे लागले.

आपल्याकडेही हा वाद जुना आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. फारसीचे प्राध्यापक असलेल्या माधव जूलियनांनीही 1938 मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून तिची बाजू घेतली. नवे शब्द घडवण्याला आमचा विरोध नाही. 'महापौर' आज सर्वांचाच आहे. पण परका कोण, हे ठरवण्याचे माप एकच हवे. इंग्रजी शब्द चालतो आणि फारसी शब्द खटकतो, तेव्हा प्रश्न भाषेचा उरत नाही.

मराठी शेतकऱ्याने 'काग़ज़'चा कागद केला, 'मस्जिद'ची मशीद केली, 'नज़दीक'चे नजीक केले. त्याने कोणाची परवानगी मागितली नाही आणि शब्दाला जातही विचारली नाही. कोकणी किंवा दखनी वळणाने मराठी बोलणाऱ्या आपल्या माणसांना 'तुम्ही मराठी छान बोलता' अशी शाबासकी आजही मिळते. ती देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तिच्यात आपण पाहुणे ठरतो. ज्या जिभांनी ही भाषा घडवली त्यांत आपलीही जीभ आहे, हे कागद आणि मशीद हे शब्दच सांगतात.