घट्ट केलेले पेट्रोल अधिक वेगाने का धावले? एका भौतिक कोड्याचा इतिहास

१/ मध पाण्यापेक्षा सावकाश ओततो. द्रव जितका घट्ट, तितका तो नळीतून ढकलणे कठीण, ही आपली समजूत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील काही संशोधकांना मात्र याच्या नेमके उलट दिसले. त्यांनी घट्ट केलेले पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा अधिक सहजतेने नळीतून वाहत होते! आजचा हा धागा त्या कोड्याविषयी.

२/ पेट्रोल घट्ट करण्याचे कारण शांततेचे नव्हते. १९४२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात लुई फीझर यांच्या गटाने नापाम तयार केला. हा ॲल्युमिनियमचा एक प्रकारचा साबण. तो पेट्रोलमध्ये मिसळला की जेलीसारखा पदार्थ होतो. अग्निक्षेपकातून त्याचा झोत दूरवर जातो आणि लागेल तेथे चिकटून जळत राहतो. मार्च १९४५ मध्ये टोकियोवर जो अग्निवर्षाव झाला, त्यातील बाँबमध्ये हेच द्रव्य होते. त्या एका रात्रीत सुमारे १ लाख माणसे मेली, असे मानले जाते.

३/ हे द्रव्य नळीतून कसे वाहते, याचा अभ्यास करणाऱ्यांत मूळचे पोलंडचे रसायनशास्त्रज्ञ कारोल मायसेल्स होते. प्रवाह वेगवान असताना रोध घटतो, हे त्यांच्या ध्यानात आले. युद्धकाळात हे निरीक्षण गुप्त राहिले. त्याचे पेटंट १९४९ मध्ये मिळाले आणि सविस्तर लेख थेट १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला.

४/ दरम्यान ब्रिटनमध्ये बी. ए. टॉम्स हे रसायनशास्त्रज्ञ वेगळ्याच प्रश्नात गुंतले होते. पॉलिमर म्हणजे हजारो दुव्यांची लांबलचक रेणुसाखळी. असे द्रावण नळीतून जोराने ढकलले, तर या साखळ्या तुटतात का? १९४६ च्या सुमारास त्यांनी मोनोक्लोरोबेंझीन या द्रवात ॲक्रिलिक प्लास्टिकचा पॉलिमर विरघळवून प्रयोग केले. दाब तोच ठेवला असता शुद्ध द्रवापेक्षा द्रावणच जास्त वाहिले. १९४८ साली नेदरलँड्समधील स्खेव्हेनिंगन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय प्रवाहविज्ञान परिषदेत त्यांनी हे मांडले. परिणामाला नाव मिळाले ते त्यांचेच : ‘टॉम्स परिणाम’.

५/ नाव योग्य माणसाचे आहे का, यावर वाद घालता येईल. माझ्या मते आहे. मायसेल्स यांनी आधी पाहिले हे खरे, पण विज्ञानाच्या इतिहासात पाहण्याइतकेच उघड सांगण्यालाही मोल असते. शिवाय नापाम हा रूढ अर्थाने पॉलिमर नव्हे. ज्या गोपनीयतेने नापामला शस्त्र केले, तिनेच मायसेल्स यांचे श्रेय झाकले, एवढी नोंद मात्र व्हायला हवी.

६/ आता कारण. १८८३ मध्ये मँचेस्टरला ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडून दाखवले की, प्रवाह एका मर्यादेपर्यंत शिस्तीत, थराथराने वाहतो. त्यापुढे तो प्रक्षुब्ध होतो. अशा प्रवाहात भिंतीला अगदी चिकटलेला द्रव थांबलेलाच असतो. त्याच्या जरा वर लहान लहान भोवरे जन्मतात. ते भिंतीजवळचा मंद द्रव उचलून आत फेकतात आणि आतला वेगवान द्रव भिंतीकडे आणतात. या देवाणघेवाणीतच पंपाची बरीच शक्ती खर्ची पडते.

७/ पॉलिमरची साखळी एरवी लोकरीच्या गुंड्यासारखी गुरफटलेली असते. भिंतीजवळच्या भोवऱ्यांच्या ताणाने ती उलगडते, ताणली जाते आणि त्या ताणाला विरोध करते. भोवरे दुबळे होतात, रोध घटतो. यासाठी भोवऱ्याची ओढ साखळीच्या पुन्हा गुरफटण्यापेक्षा जलद असावी लागते. म्हणून मंद प्रवाहात हेच द्रावण साध्या घट्ट द्रवासारखे वागते, त्याचा काहीही लाभ होत नाही. वेगवान प्रवाहात मात्र दशलक्ष भागांत काही थोडे भाग पॉलिमरही पुरतो आणि घर्षण ८० टक्क्यांपर्यंत उतरू शकते! ही घट एका ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही, मग पॉलिमर कोणताही असो. ही मर्यादा १९७० च्या दशकात एमआयटीमधील पी. एस. विर्क यांनी मांडली.

८/ सिद्धान्त अजून एकमुखी नाही. जॉन लम्ली यांनी ताणलेल्या साखळ्यांमुळे वाढणाऱ्या चिकटपणावर भर दिला. पुढे नोबेल मिळवणारे पिएर-जिल द जेन यांनी १९८६ मध्ये मायकेल टेबर यांच्यासह साखळीच्या लवचिकतेला मध्यवर्ती स्थान दिले.

९/ १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने पाण्यात पॉलिमर मिसळून पाहिला, कारण त्यामुळे बारीक, हलक्या होजमधूनही पुरेसे पाणी जाते. जिने चढणाऱ्या जवानाला हा फरक खांद्यावर जाणवतो. (जाता जाता : शर्यतीतल्या शिडाच्या नौकांना पाण्यात पॉलिमर सोडण्यास नियमाने मनाई आहे!)

१०/ सर्वांत मोठा प्रयोग अलास्कात झाला. सुमारे १,३०० किलोमीटरची तेलवाहिनी १९७७ मध्ये सुरू झाली आणि त्याच जुलैत तिचे ८ क्रमांकाचे पंपिंग स्थानक स्फोटात उद्ध्वस्त झाले. एक कामगार दगावला. १९७९ पासून तेलात पॉलिमर सोडून वाहिनीची क्षमता वाढवण्यात आली. पण पंपांच्या फिरत्या पात्यांत रेणूंच्या साखळ्या तुटतात, म्हणजे टॉम्स यांना छळणारा मूळ प्रश्नच तेथे पुन्हा उभा राहतो. त्यामुळे पंप ओलांडला की पुढच्या टप्प्यासाठी पॉलिमर नव्याने सोडावा लागतो.