फ्रान्समधील उपनगरी वस्त्यांचा चित्रपट

फ्रान्समधील उपनगरी वस्त्यांचा चित्रपट : पॅरिस, लियाँ, मार्सेय अशा शहरांच्या कडेला असलेल्या सरकारी गृहसंकुलांतील तरुणांचे जगणे मांडणारा, आणि पुढे त्याच तरुणांनी हाती घेतलेला चित्रपटप्रवाह. अशा वस्तीला फ्रेंचमध्ये ‘बाँलिय’ म्हणतात. १९९५ मध्ये या वस्त्यांवरचे अनेक चित्रपट एकाच वर्षी पडद्यावर आले. त्या वर्षी ‘काये द्यु सिनेमा’ या नियतकालिकाने ‘बाँलिय-चित्रपट’ हे नाव वापरले आणि समीक्षेत ते रुळले. या प्रवाहाचा इतिहास गाजलेल्या चित्रपटांच्या आधारे सांगण्याची प्रथा आहे. त्यापेक्षा कॅमेरा कोणाच्या हातात होता, हे पाहत गेले तर तो अधिक नीट कळतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईवर उपाय म्हणून १९५० ते १९७० या काळात शहरांबाहेर उंच, लांबलचक इमारतींची संकुले बांधली गेली. कारखान्यांसाठी आणलेले अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि पुढे माली, सेनेगल येथील कामगार हळूहळू तेथे स्थिरावले. १९७३ च्या तेलसंकटानंतर कारखाने बंद पडू लागले. ज्यांना परवडले ते फ्रेंच मध्यमवर्गीय बाहेर पडले. मागे राहिलेली मुले फ्रान्समध्येच वाढली, पण नोकरीच्या अर्जावरचे नाव आणि पत्ता त्यांच्या आड येई आणि पोलीस रस्त्यात वारंवार अडवून ओळखपत्र मागत. १९८१ मध्ये लियाँजवळच्या ले मँगेत वस्तीत उद्रेक झाला. १९८३ मध्ये समतेची मागणी करत तरुणांनी मार्सेय ते पॅरिस पदयात्रा काढली. एरवी मात्र या वस्त्या दूरदर्शनच्या बातम्यांत दिसत त्या बहुधा गाड्या जळाल्यावरच.

दिग्दर्शक झाँ-ल्युक गोदारने १९६६ मध्येच पॅरिसजवळच्या ला कुर्नव्हच्या संकुलात चित्रीकरण केले होते, पण ती बाहेरून आलेल्या बुद्धिवंताची नजर होती. वस्तीतल्या माणसाची पहिली ठळक कृती मेहदी शारेफ यांची. अल्जीरियात जन्मलेल्या आणि अनेक वर्षे कारखान्यात राबलेल्या शारेफ यांनी १९८३ मध्ये कादंबरी लिहिली. कोस्ता-गाव्हरास आणि मिशेल रे-गाव्हरास या दांपत्याच्या पाठबळाने १९८५ मध्ये त्यांनी स्वतःच तिच्यावर चित्रपट केला. एक अरब आणि एक गोरा अशा दोन मित्रांची ती गोष्ट आहे. त्यात दोघांना सारखेच रिकामे दिवस वाट्याला आलेले दाखवले आहेत आणि हेच तिचे मोठेपण. मालिक शिबान यांनी ‘एग्झागोन’ (१९९४) स्थानिक तरुणांना घेऊन अत्यल्प पैशांत उभा केला.

जगभर पोचला तो मातिय कासोव्हित्झ यांचा ‘ला एन’ (१९९५), म्हणजे ‘द्वेष’. पोलीस कोठडीत एका तरुणाचा गोळी लागून मृत्यू झाल्याची १९९३ मधील घटना त्यामागे होती. दंगलीनंतरच्या एका दिवसात ज्यू, अरब आणि कृष्णवर्णीय असे तीन मित्र भटकत राहतात आणि त्यांच्यापैकी एकाकडे पोलिसाचे हरवलेले पिस्तूल असते. चित्रीकरण पॅरिसच्या वायव्येकडील शाँतलू-ले-व्हीन्य येथील वस्तीत झाले. कृष्णधवल छायांकनामुळे ओळखीच्या बातमीचित्रांपासून ही वस्ती वेगळी दिसते, तिला एक गांभीर्य येते. एका प्रसंगात वार्ताहर गाडीतून न उतरताच मुलांना दंगलीबद्दल विचारतात. हे प्राण्यांचे उद्यान नव्हे, असे मुले संतापून त्यांना सुनावतात. या प्रवाहाचे सगळे दुखणे त्या प्रसंगात आहे. चित्रपटाला कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला आणि पंतप्रधान आलँ ज्युपे यांनी तो मंत्र्यांना दाखवला. पण कासोव्हित्झ स्वतः वस्तीतले नव्हते हा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला आणि तो खोटा नाही. शिवाय ‘ला एन’च्या यशाने एक साचाही पडला : रागावलेली मुले, पोलीस, शस्त्र, शेवटी मृत्यू. मुली त्यात जवळजवळ नाहीतच.

तो साचा आब्देलातीफ केशीश यांच्या ‘लेस्कीव्ह’ने (२००४) मोडला. सँ-दनी येथील वस्तीतली शाळकरी मुले मारिव्होचे अठराव्या शतकातील नाटक बसवतात, एवढाच त्याचा विषय. मुलांची भरधाव, शिवराळ बोली आणि मारिव्होची घोटीव भाषा समोरासमोर येतात आणि दोन्हींचा दर्जा सारखाच ठरतो. बहुतेक कलाकार नवखे होते. फ्रान्सच्या सेझार पुरस्कारांत हा २००५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला क्लिशी-सू-ब्वा येथे पोलिसांपासून पळणारी दोन किशोरवयीन मुले विजेच्या उपकेंद्रात शिरली आणि धक्क्याने मरण पावली. पुढचे सुमारे तीन आठवडे देशभर उपनगरे पेटली आणि सरकारने आणीबाणी जाहीर केली. शेजारच्या माँफेर्मेय येथील ले बोस्के वस्तीत वाढलेले लाज ली तेव्हा कॅमेरा घेऊन आतच होते. किम शापिराँ आणि रोमँ गाव्हरास यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात स्थापन केलेल्या ‘कुर्त्राजमे’ या मित्रमंडळाचे ते सदस्य. (रोमँ हे कोस्ता-गाव्हरास यांचे पुत्र. शारेफ यांना हात देणाऱ्या घरातूनच ही पुढची कडी आली.) वस्तीत वर्षभर केलेल्या चित्रणातून ली यांचा माहितीपट झाला. त्याआधीच छायाचित्रकार जेआर यांनी काढलेले त्यांचे छायाचित्र गाजले होते : ली यांनी कॅमेरा बंदुकीसारखा रोखला आहे आणि पाहणारा आधी दचकतो. २००८ मध्ये त्यांनी पोलिसांच्या मारहाणीचे चित्रण करून ते जाहीर केले.

या अनुभवातून ‘ले मिझेराब्ल’ (२०१९) घडला. व्हिक्टर ह्यूगोच्या याच नावाच्या कादंबरीतील कोझेत ही मुलगी जेथे राबते ते गाव माँफेर्मेयच, म्हणून हे शीर्षक. पोलिसांनी एका मुलावर केलेला गोळीबार दुसऱ्या मुलाच्या ड्रोनने टिपला जातो आणि त्या चित्रणासाठी पाठलाग सुरू होतो. ड्रोनवाल्या मुलाची भूमिका ली यांच्याच मुलाने केली आहे. पोलिसांनाही ली माणूस म्हणून पाहतात, त्यामुळे चित्रपट अधिक अस्वस्थ करतो. कानमध्ये त्याला ज्युरी पुरस्कार विभागून मिळाला आणि पुढच्या वर्षी सेझारही.

चित्रपटाहूनही मोलाचे काम म्हणजे ली यांनी २०१८ मध्ये त्याच परिसरात सुरू केलेली कुर्त्राजमे शाळा. तेथे शुल्क नाही आणि पदवीची अटही नाही. पुढे मार्सेय आणि सेनेगलमधील डाकार येथेही अशा शाळा निघाल्या. ली यांच्या शाळेच्याही आधी, २००६ मध्ये, हूदा बेन्यामिना यांनी वस्तीतल्या मुलामुलींना अभिनय आणि चित्रपटनिर्मिती शिकवण्यासाठी ‘मिल व्हिझाझ’, म्हणजे ‘हजार चेहरे’, ही संस्था उभी केली होती. बेन्यामिना यांच्या ‘दिव्हीन’ने (२०१६) दोन मैत्रिणींना कथेच्या केंद्रस्थानी आणले आणि कानमध्ये पदार्पणाचा ‘कामेरा दोर’ मिळवला. त्यातील ऊलाया आमाम्रा आणि देबोरा ल्युकुमुएना या दोघींनाही सेझार मिळाले. सेलीन सियामा यांच्या ‘बांद द फीय’मध्ये (२०१४) कृष्णवर्णीय मुलींची टोळी आहे. तो देखणा आहे, पण मुलींचे आयुष्य पुन्हा बाहेरच्या नजरेने रंगवल्याची टीका त्याच्यावर झाली.

पैशांचा प्रश्न कायम राहिला. जिन कारेनार यांचा ‘दोनोमा’ (२०११) १५० युरोंत झाल्याचे सांगितले गेले. त्याचे कौतुक झाले ते योग्यच, पण कलाकार आणि तंत्रज्ञ फुकट राबले तरच असा आकडा शक्य होतो.

ओने-सू-ब्वा येथे वाढलेल्या आलिस दियोप यांनी या प्रवाहाला वेगळी दिशा दिली. ‘नू’ (२०२१), म्हणजे ‘आपण’, या माहितीपटात त्या एका उपनगरी रेल्वेमार्गाच्या आजूबाजूची माणसे दाखवतात : परदेशातून आलेला कारागीर, घरोघरी जाणारी परिचारिका असलेली त्यांची बहीण, त्यांच्या आईची जुनी घरगुती चित्रफीत. त्यात दंगल नाही आणि पिस्तूलही नाही. आईचे फार थोडे चित्रण उरल्याची खंत त्यांच्या कामामागे आहे. त्यांच्याच पुढाकाराने आतलिए मेदिसिस आणि पाँपिदू केंद्र या सांस्कृतिक संस्थांनी जगभरच्या उपनगरांवरील आणि उपनगरांतून आलेल्या चित्रपटांचा संग्रह उभारण्याचे काम हाती घेतले. विखुरलेल्या, विसरल्या गेलेल्या चित्रपटांना त्यात जागा मिळते.