रिकामी कबर आणि मायबोलींतील हांक

या स्मरणिकेसाठीं चार शब्द लिहावेत अशी आज्ञा झाली, तेव्हां पुनरुत्थान सणाचा अष्टाह चालू होता. त्यांतील मंगळवारच्या मिस्सेंत संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांतील भाग वाचला जातो. तो मीं लहानपणापासून अनेकदां ऐकला आहे. परंतु वयाचीं ऐंशी वर्षें होत आल्यावर तो ऐकतांना एक गोष्ट मनास नव्यानेंच लागली. तिच्याच अनुरोधानें आपल्या धर्माचा व आपल्या भाषेचा थोडासा इतिहास वाचकांपुढें ठेवावा असें वाटलें.

पहांटेच्या अंधारांत मरिया माग्दालेना कबरेपाशीं आली. शिळा बाजूस सारलेली होती. पेत्र व दुसरा शिष्य धांवत आले, आंत पाहून माघारी गेले. ती मात्र तेथेंच रडत उभी राहिली. प्रभु तिच्यासमोर आला, तिच्याशीं बोललाही, तरी तिला तो बागेचा माळी वाटला. मग त्यानें तिचें नांव उच्चारलें, आणि त्या एका शब्दासरशीं तिला ओळख पटली. तिनें आपल्या लोकांच्या भाषेंत त्यास गुरु म्हणून हांक मारली. योहानाचें शुभवर्तमान ग्रीक भाषेंत आहे. तथापि तिच्या तोंडचा तो शब्द त्यानें मूळ भाषेंतला तसाच राखून ठेविला आहे व मग त्याचा अर्थ वाचकांस सांगितला आहे. हें त्यानें उगीच केलें नसावें. डोळ्यांस जें कळलें नाहीं तें कानांस कळलें. आणि कानांस कळलें तें मायबोलींत.

आमच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगिजांच्या काळीं पुनरुत्थानाची वार्ता आली ती परक्या भाषांच्या संगतीनें. गोवें १५१० सालीं पोर्तुगिजांच्या हातीं गेलें, वसई १५३४ सालीं. देवळें उभीं राहिलीं, बाप्तिस्मे झाले, लॅटिन भाषेंत मिस्सा होऊं लागली. परंतु नव्यानें ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या मनांत कथेची म्हणून जी एक जागा होती, ती रिकामीच राहिली. पिढ्यान्‌पिढ्या पुराण ऐकत आलेल्या कानांनीं आतां काय ऐकावें? ही उणीव ज्यांनीं ओळखली ते धर्मगुरु ना मराठी होते, ना पोर्तुगीज. ते इंग्लंडांतून आलेले होते.

फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघाचे धर्मगुरु. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. १५७९ सालच्या ऑक्टोबरांत ते गोव्यास उतरले आणि १६१९ सालीं देह ठेवीपर्यंत त्यांनीं आपलें आयुष्य याच भूमींत, मुख्यत्वेंकरून गोव्याच्या साष्टी प्रांतांत, वेंचलें. घरोघरची बोली कोंकणी. ती त्यांनीं आत्मसात केली, तिचें व्याकरण रचिलें, तिच्यांत धर्मशिक्षणाचें पुस्तकही लिहिलें. परंतु पुराण सांगावयाचें तें लोकांस ज्या भाषेंत पुराण ऐकावयाची संवय होती त्या मराठींत, हें त्यांनीं जाणलें. आणि ज्ञानेश्वर-एकनाथांनीं घराघरांत नेलेली ओवी त्यांनीं हातीं धरिली.

ग्रंथाच्या आरंभीं फादर स्टीफन्स स्वतःच त्याच्या जन्माची हकीकत सांगतात. पूर्वींचीं पुराणें आम्हांस वर्ज्य झालीं, तर त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें पुराण कां देत नाहीं, अशी मागणी नवख्रिस्ती लोकांनींच केली. त्या मागणीचें उत्तर म्हणजे ‘क्रिस्तपुराण’. १६१६ सालीं तें राचोल येथें छापून निघालें. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यांत प्रभूचा जन्म, उपदेश, क्रूसावरील मरण व पुनरुत्थान. पहिल्याचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ असे अध्याय असून सर्व मिळून सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळें ही शुद्ध मराठी ओवी रोमन अक्षरांत छापावी लागली. त्यांत स्वर्गास वैकुंठ म्हटलें आहे. ऐकणाराच्या कानास जो शब्द पवित्र वाटे, तोच फादरांनीं उचलिला. मराठीविषयींचें त्यांचें प्रेम तर त्या ग्रंथांत उघड उघड ओसंडून वाहतें. माळ्याच्या रूपांत दिसलेल्या प्रभूनें मरियेस नांवानें हांक मारावी, तशीच ही एका परक्या दिसणाऱ्या माणसाच्या मुखांतून आलेली मायबोलीची हांक होती.

पुढील इतिहास मात्र दुःखाचा आहे, आणि तो झांकून ठेवणें सत्यास धरून होणार नाहीं. पुराणाच्या दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ सालीं निघाल्या. त्यानंतर देशी भाषांवर राज्यकर्त्यांचा रोष वाढत गेला, आणि १६८४ सालच्या जून महिन्यांत पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांनीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असें फर्मान काढिलें. ज्यांनीं ही आज्ञा केली ते धर्मानें आमचेच बंधु होते. त्यांनीं रविवारीं देवळांत जी वार्ता ऐकली, तीच आम्ही ऐकतों. हें लिहितांना मान खालीं जाते. आपल्या प्रभूस कोणीं उचलून नेलें आणि कोठें ठेविलें तें ठाऊक नाहीं, अशी मरियेची तक्रार होती. क्रिस्तपुराणाविषयींही तशीच तक्रार करण्याची पाळी आली. तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आजवर हातीं लागलेली नाहीं.

परंतु कबर रिकामी दिसली म्हणून कथा तेथें संपत नसते. ग्रंथ छापावयाचा थांबला, तरी भाविक लोक त्याच्या नकला करून ठेवीत राहिले. गोवें सोडून कानडा प्रांतीं गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनीं आपल्या सामानसुमानाबरोबर हा ठेवाही जपला. अशाच हस्तलिखितांच्या आधारें जोसेफ सालडाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो रोमन अक्षरांत पुन्हा छापला. १६५४ नंतर अडीचशें वर्षें लोटलीं होतीं! पुढें लंडन येथील मार्सडेन संग्रहांत देवनागरी लिपींतील हस्तलिखित असल्याचेंही उघडकीस आलें. आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुणें येथून तो देवनागरींत प्रसिद्ध केला, तेव्हां सामान्य मराठी वाचकास ती ओवी आपल्या अक्षरांत वाचावयास मिळाली. मधल्या काळांत इतर मार्गांनींही वचन मराठींत येत होतें. विल्यम केरी यांनीं १८११ सालीं श्रीरामपूर येथें मराठी नवा करार छापला. पंडिता रमाबाईंचें समग्र भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ सालीं बाहेर पडलें. आणि आपल्या कॅथलिक समाजासाठीं फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ सालीं ‘निरोप्या’ मासिक सुरू केलें.

आतां थोडें स्वतःविषयीं. माझें बालपण वसईकडील एका वाडींत गेलें. तेव्हां पवित्र गुरुवारीं देवळाच्या घंटा मुक्या होत, आणि त्यांच्या ऐवजीं लाकडी फळ्यांचा खडखडाट ऐकूं येई. पुनरुत्थानाचा जागरणविधि त्या काळीं शनिवारीं सकाळींच उरकला जाई. बाहेर लख्ख ऊन पडलेलें असतांना आंत रात्रीच्या प्रार्थना चालत. ग्लोरियाच्या वेळीं घंटा एकदम वाजूं लागल्या म्हणजे आम्हां मुलांस आनंद होई; परंतु पाद्रीबाबांनीं लॅटिनमध्यें काय वाचलें तें आम्हांस कळत नसे, आणि आमच्या वडीलधाऱ्यांसही फारसें कळत नसे.

तें कळे घरीं. आजीस अक्षरओळख नव्हती. क्रिस्तपुराणाचें नांवही तिनें ऐकलेलें नव्हतें. तरी संध्याकाळची जपमाळ झाल्यावर ती आम्हांस जवळ बसवून मरिया माग्दालेनेची गोष्ट आमच्या वाडीच्या बोलींत सांगे. तिच्या गोष्टींतला प्रभु मरियेस हांक मारी ती आमच्याच घरांतल्या माणसासारखी. त्या ठिकाणीं आली कीं आजी क्षणभर थांबे, पदरानें डोळे पुसे आणि मगच पुढें जाई. प्रभु खरोखर उठला आहे, अशी माझी खातरी झाली ती देवळांत नव्हे, आजीच्या त्या थांबण्यांत. तीनशें वर्षांपूर्वीं फादर स्टीफन्स यांनीं लेखणीनें जें केलें, तेंच ही निरक्षर बाई तोंडानें करीत होती.

पुढें ख्रिस्तसभेनेंही हीच वाट धरिली. पोप पायस बारावे यांनीं १९५१ सालीं जागरणविधि पुन्हा रात्रीं करण्यास मोकळीक दिली, व १९५६ पासून पवित्र आठवड्याची नवी रचना सर्वत्र लागू झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींची घटना प्रसिद्ध करून लोकभाषेस वेदीपाशीं जागा दिली. त्यानंतर पुनरुत्थानाचें शुभवर्तमान मीं देवळांत प्रथम मराठींत ऐकलें तेव्हां आजी हयात नव्हती. शेजारीं कोण उभें होतें तें आठवत नाहीं. परंतु मरियेचें नांव वाचलें गेलें त्या क्षणीं आजीचाच आवाज कानांत घुमला, हें चांगलें आठवतें.

आज आम्हांस कशाचीही वाण नाहीं. बायबल मराठींत आहे, मिस्सा मराठींत आहे, क्रिस्तपुराणही विकत मिळतें. कोणी फर्मान काढून आमच्या तोंडून भाषा हिरावून घेत नाहीं. तरीही कितीएक घरांत पवित्र ग्रंथ कपाटांत उभा असतो व नातवंडांस तो मोठ्यानें वाचून दाखविणारा कोणी नसतो. १६८४ च्या फर्मानानें जें पुरतें साधलें नाहीं, तें आमच्या आळसानें साधूं नये. याविषयीं मीं दुसऱ्यांस बोल लावीत नाहीं. माझ्या घरींही अनेक वर्षें तेंच चाललें होतें.

म्हणून या महोत्सवी वर्षीं मीं एक छोटासा नेम केला आहे. रविवारीं संध्याकाळीं, जपमाळेनंतर, शुभवर्तमानाचा एक भाग नातवंडांपुढें मोठ्यानें वाचावयाचा, आणि मग पुस्तक मिटून तीच कथा आजीच्या बोलींत सांगावयाची. मुलें चुळबुळ करतात. धाकटी मात्र माळी म्हणजे प्रभूच होता हें मरियेच्या आधीं ओळखते आणि ओरडते. आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक घरांत असा आवाज उठो, आणि उठलेला प्रभु आम्हां प्रत्येकास आमच्या नांवानें, आमच्याच भाषेंत हांक मारो, एवढीच या मंगल प्रसंगीं प्रभुचरणीं प्रार्थना. आमेन.