हिरो, गद्दार आणि बारा माणसं

सरकारी गुपित फोडणारा माणूस हिरो की गद्दार? ऑफिसच्या कँटीनमध्ये हा विषय निघाला की दोन मिनिटांत दोन गट पडतात. आम्ही आयटीवाले जॉईन होतानाच एनडीएवर सही करतो, त्यामुळे "सही केलीस ना? मग गप्प बस" म्हणणारे जरा जास्तच. व्हिसलब्लोअरसाठी मराठीत 'जागल्या' असा छान शब्द आहे. रात्री गावावर पहारा ठेवणारा तो जागल्या. पण झोपमोड कोणाला आवडते?

जनमत चाचण्यांवर या बाबतीत माझा फारसा विश्वास नाही. मथळे वाचून दिलेलं मत ते! सगळी बाजू ऐकून घेतल्यावर सामान्य माणूस काय म्हणतो, हे बघायला हवं. एल्सबर्ग आणि पेंटागॉन पेपर्स आठवले असतील, पण १९७३ मध्ये सरकारच्याच गैरप्रकारांमुळे न्यायाधीशांनी तो खटला निकालात काढला. ज्युरीचं मत कळलंच नाही. म्हणून आज क्लाइव्ह पाँटिंगची गोष्ट.

२ मे १९८२. फॉकलंडचं युद्ध चालू होतं. 'काँकरर' या ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची 'जनरल बेलग्रानो' ही युद्धनौका बुडवली. ३२३ माणसं गेली, म्हणजे त्या युद्धात अर्जेंटिनाचे जेवढे मेले त्यातले जवळजवळ निम्मे. दोन दिवसांनी संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी पार्लमेंटला सांगितलं की ती ब्रिटिश ताफ्याच्या दिशेने येत होती. प्रत्यक्षात ती २०० मैलांच्या निषिद्ध क्षेत्राच्या बाहेर होती आणि कित्येक तास उलट दिशेने चालली होती.

मे १९८३ मध्ये डायना गूल्ड नावाच्या शिक्षिकेने टीव्हीवर थॅचरबाईंना हाच प्रश्न विचारला आणि उत्तर पटेना तेव्हा पुन्हा पुन्हा विचारला. पण जूनच्या निवडणुकीत थॅचरबाईंना ३९७ जागा मिळाल्या. युद्ध जिंकलं होतं, लोक खूश होते.

पाँटिंग संरक्षण खात्यातला बडा अधिकारी, १९८० मध्ये ओबीई मिळालेला. १९८४ मध्ये या प्रकरणाचा संपूर्ण गोपनीय अहवाल तयार करायचं काम त्याच्याकडेच आलं. सगळं माहीत झालं, आणि मंत्री हे खासदारांपासून लपवणार हेही दिसलं. जुलैमध्ये त्याने दोन कागद निनावी पाकिटातून मजूर पक्षाचे खासदार टॅम डिएल यांना पाठवले. त्यांनी ते संसदीय समितीच्या अध्यक्षांकडे दिले आणि अध्यक्षांनी चक्क संरक्षणमंत्र्यांकडे! म्हणजे तक्रारपेटीतली चिठ्ठी ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच टेबलावर.

खटला उभा राहिला. लक्षणं वाईट होती. वर्षभरापूर्वीच सारा टिस्डॉल या तरुण कारकून मुलीने 'गार्डियन'ला कागद दिल्याबद्दल गुन्हा कबूल केला होता आणि तिला सहा महिन्यांची कैद झाली होती. पाँटिंगने गुन्हा नाकारला. १९११ च्या कायद्यात एक फट होती: राज्याच्या हितासाठी ज्याला माहिती देणं कर्तव्य आहे त्याला दिली तर गुन्हा नाही. खासदार हा असा माणूस नव्हे का? न्यायाधीश म्हणाले, नाही. राज्याचं हित म्हणजे त्या वेळचं सरकार ठरवेल ते. ज्युरीपुढे जवळजवळ एकच वाट ठेवली होती.

११ फेब्रुवारी १९८५. ज्युरीने निकाल दिला: निर्दोष!

हीच ती जनता, जिने थॅचरबाईंना भरभरून मतं दिली होती. मग विसंगती झाली का? मला नाही वाटत. नौका बुडवणं लष्करी दृष्टीने योग्य असेलही. पण आपली नौका कुठे चालली होती, हे अर्जेंटिनाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग गुपित कोणापासून? ब्रिटिश मतदारांपासून! शत्रूला उपयोगी पडेल असं खरं गुपित, म्हणजे तो अख्खा अहवाल, पाँटिंगच्या हातात होता. तो त्याने फोडला नाही. युद्धाला पाठिंबा आणि खोटेपणाला विरोध, हे दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने राहू शकतं. "हिरो की गद्दार?" असं विचारलं की मात्र ते दिसत नाही.

सरकार काय शिकलं? १९८९ मध्ये नवा कायदा आणला आणि ती फट बुजवली. आता सार्वजनिक हिताचा बचावच उरला नाही. उत्तर आवडलं नाही, म्हणून प्रश्नच पेपरातून काढून टाकला.

आपल्याकडचा १९२३ चा शासकीय गुपिते कायदा याच घराण्यातला आणि अजून लागू आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सार्वजनिक हिताला जागा दिली खरी, पण ती माहिती मागणाऱ्यासाठी. स्वतःहून देणाऱ्याचं काय? शिवाय आपल्याकडे ज्युरीही नाही. १९५९ मध्ये मुंबईत नानावटीला ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलेलं आठवत असेल. १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्युरी राहिलीच नाही. ज्युरी चुकते हे मान्य. पण कोर्टात बसून सगळं ऐकणारे ते सामान्य लोक गेले आणि उरले टीव्हीसमोरचे आपण.

असो. पुढच्या वेळी कोणी गुपित फोडल्याची बातमी आली, तर निकाल देण्याआधी ज्युरीत बसल्यासारखं एवढंच विचारून बघा: हे नक्की कोणापासून लपवलं होतं? शत्रूपासून, की आपल्यापासून?