डायरी १९४७ची, चित्रपट १९६५चा

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा खर्डा गाइड बाईंकडून परत आला, तेव्हा एका वाक्यासमोर पेन्सिलीने मोठ्ठं प्रश्नचिन्ह होतं. वाक्य असं: स्वातंत्र्यानंतर भारतात इंग्रजी शेक्सपिअरला प्रेक्षक उरला नाही. पुरावा म्हणून मी 'शेक्सपिअरवाला' या चित्रपटाचा हवाला दिला होता. त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ लागायला मला दोन आठवडे लागले.

निर्माते मुंबईचे इस्माईल मर्चंट, दिग्दर्शक अमेरिकेचे जेम्स आयव्हरी. गावोगाव शेक्सपिअरचे प्रयोग करणारी एक इंग्रज नाटक कंपनी, त्यातली तरुण लिझी आणि तिच्या प्रेमात पडलेला संजू, म्हणजे शशी कपूर. पाठीशी मोठा स्टुडिओ नाही. रंगीत फिल्म परवडेना, म्हणून कृष्णधवल. आधीचा 'द हाउसहोल्डर' कोलंबिया कंपनीने भारतात अडकून पडलेल्या रुपयांतून विकत घेतला होता. त्या पैशाचा इथे हातभार लागला. (निर्मितीची कागदपत्रं हाती आली की आधी पैसा कुठून आला ते बघा. प्रेमकथा नंतर.)

कथेचं बीज जेफ्री केंडल यांच्या १९४७च्या डायरीत आहे. त्यांची 'शेक्सपिअराना' ही फिरती कंपनी खरोखरच होती. चित्रपटातलं नटदांपत्य जेफ्री आणि त्यांच्या पत्नी लॉरा यांनीच उभं केलं, लिझी झाली त्यांची धाकटी मुलगी फेलिसिटी. नट खरे, म्हणून गोष्टही खरी, असं मी धरून चालले. फसले ती इथेच.

डायरी १९४७ची, पण पटकथा रूथ प्रावर झाबवाला आणि आयव्हरी यांनी साठच्या दशकात लिहिलेली. कंपनीची उतरती कळा, मधुर जाफ्रीने रंगवलेल्या सिनेनटीपुढे नाटकवाल्यांचं फिकं पडणं, हा अर्थ पटकथाकारांनी लावलेला. खुद्द केंडलना तो पटला नव्हता. आणि प्रेमाचं म्हणाल तर पडद्यावर लिझी संजूला सोडून इंग्लंडला जाते. प्रत्यक्षात शशी कपूर यांनी १९५८ मध्येच फेलिसिटीच्या थोरल्या बहिणीशी, जेनिफरशी लग्न केलं होतं. जेनिफरही चित्रपटात आहे, छोट्या भूमिकेत.

मला खरी वाट दाखवली ती श्रेयनामावलीने. मी ती नेहमी पुढे ढकलायचे. महाराजांच्या भूमिकेत उत्पल दत्त! तरुणपणी ते याच केंडलांच्या कंपनीत नट होते. पुढे त्यांनी इंग्रजी सोडून बंगाली रंगभूमी धरली, पण शेक्सपिअर सोडला नाही. 'मॅकबेथ' बंगालीत केला. म्हणजे 'प्रेक्षक उरला नाही' असं मी म्हणत होते तेव्हा तो प्रेक्षक दुसऱ्या भाषेतल्या नाटकाला बसला होता, आणि त्याला तिकडे नेणारा माणूस माझ्याच पुराव्यात महाराजाचा वेश करून उभा होता.

ते वाक्य मी खोडलं. आता त्या जागी तीन रकान्यांचा तक्ता आहे: डायरी, पटकथा, श्रेयनामावली. बाईंनी तिसऱ्या रकान्यासमोर आणखी एक प्रश्नचिन्ह काढलंय.